गुंजण मावळच्या सामायिक हत्यारपेटीचा जाहीरनामा

गुंजवणे, खंडेनवमी

गुंजवणे, साखर, मार्गासनी, विंझर, वेल्हे, नसरापूर, भोर आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांतल्या गाडीमालकांनो, वडाप चालवणाऱ्या भावांनो, गॅरेजवाल्या मिस्त्रींनो, आणि शनिवार-रविवार जीप घेऊन पुण्याहून इकडे येणाऱ्या मित्रांनो,

राजगडाच्या पायथ्याशी बसून जाहीरनामा काढायचा म्हटलं की लेखणी आपसूक ढाल-तलवारीकडे वळते. आमचं मागणं त्याहून साधं आहे. आम्हाला हबनटाचा पाना हवा आहे. टॉर्क रेंच, बेअरिंग पुलर, स्प्रिंग कॉम्प्रेसर आणि इंजिन उचलायची चेन पुली हवी आहे. ही हत्यारं कुणा एकाच्या माळ्यावर पडून राहण्यापेक्षा साऱ्या खोऱ्याच्या एका पेटीत असावीत, ज्याला गरज पडेल त्याने ती हक्काने न्यावीत आणि पुसून, तेल लावून वेळेवर परत आणावीत, एवढ्यासाठी आम्ही एकत्र येत आहोत.

एवढ्याशा कामाला जाहीरनामा कशाला, असं कुणी विचारेल. हत्यारांची देवघेव आपल्याकडे नवी नाही, आणि ती बहुतेक वेळा रुसव्याफुगव्यात संपते हेही नवं नाही. सामायिक वस्तू कोणत्या अटींवर टिकते ते चारचौघांत ठरवून, लिहून, सगळ्यांसमोर वाचून दाखवलं, तरच पेटी पुढच्या दसऱ्यापर्यंत तग धरते. म्हणून हे लिहून काढलं आहे.

दुखणं

आपल्या खोऱ्यात गाड्यांची वाण नाही. वडापच्या जीपा आहेत, दुधाचे पिकअप आहेत, चिखलणीचे पॉवर टिलर आणि ट्रॅक्टर आहेत, नोकरीतून गावी परतलेल्यांच्या जुन्या मारुती आहेत. जुलै २०२५ मध्ये इतर ११ किल्ल्यांबरोबर राजगडाचं नाव युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेलं. सुट्टीच्या दिवशी इथल्या रस्त्याला गाड्यांची रांग आधीही लागत होती, ती आता कमी व्हायची नाही. या सगळ्या गाडीवाल्यांत काही जण असे आहेत की ज्यांना गाडी नुसती चालवून चैन पडत नाही, ती उघडून बघावी लागते. आम्ही त्यातले.

साधे पाने आम्हा सगळ्यांकडे आहेत. दहा-अकरा, बारा-तेरा, सोळा-सतरा, गोट्यांचा (म्हणजे सॉकेटचा) एखादा सेट, पकड, टॉमी, जॅक. ऑइल बदलणं, फिल्टर टाकणं, बेल्ट चढवणं एवढं त्यावर होतं. अडतं ते त्याच्या पुढे.

जुन्या फोर-बाय-फोर जीपचं पुढचं चाक घ्या. महिंद्राने १९४७ पासून मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली. त्या घराण्यातल्या गाड्यांचं माप इंचात चालतं, मिलिमीटरचे पाने तिथे घसरतात. चाकाच्या मधोमध ड्राइव्ह फ्लँज असतो. तो काढला की आत एकामागे एक असे दोन चपटे नट, मध्ये लॉक वॉशर, आणि त्या वॉशरचा कान नटाच्या कडेवर मुडपलेला. नटाचं माप दोन पूर्णांक एक सोळांश इंच, म्हणजे मिस्त्रींच्या हिशेबात साडेसोळा सूत. नट बसतो हबच्या खोबणीत, त्यामुळे बाहेरून साधा पाना पोचत नाही. पातळ भिंतीची, खोल अशी खास गोटी लागते. ती असली की काम सरळ आहे: कान उघडा, बाहेरचा नट काढा, वॉशर काढा, आतला नट काढा, बेअरिंगला नवं ग्रीस भरा. परत बसवताना चाक फिरवत आतला नट आवळायचा, चाक जड झालं की साधारण एक षष्ठांश फेरा मागे घ्यायचा, मग वॉशर, मग बाहेरचा नट. बेअरिंगचं आयुष्य त्या एक षष्ठांश फेऱ्यात असतं.

ती गोटी नसली की काय होतं, ते कुठल्याही जुन्या जीपचा हब उघडून बघा. नटाच्या सहाही कडांवर छिन्नीचे घाव असतात. छिन्नी लावून हातोडीने ठोकत नट सोडवलेला असतो आणि तसाच ठोकत परत आवळलेला असतो. किती आवळला, याचा हिशेब अंदाजपंचे दाहोदरसे. सैल राहिला तर चाक डुलतं, जास्त बसला तर बेअरिंग तापतं आणि पाबे घाट चढेपर्यंत जळक्या ग्रीसचा वास केबिनमध्ये येतो. पुढच्या वेळी त्या गोल झालेल्या नटाला खरी गोटीही धरत नाही.

हेच मारुती ८०० च्या हेडचं. हेड ॲल्युमिनियमचं असतं. त्याचे बोल्ट मधून बाहेरच्या बाजूला, ठरलेल्या क्रमाने, दोन-तीन टप्प्यांत आणि पुस्तकात दिलेल्या जोरानेच आवळायचे असतात. टॉर्क रेंचशिवाय तो जोर मनगटाला कळत नाही. नवा हेडगास्केट टाकूनही दोन महिन्यांत पाणी आणि ऑइल एक होतं, मग दोष गास्केटच्या कंपनीला. फियाटच्या १२४८ सीसी डिझेल इंजिनाचंही तेच. स्विफ्ट, डिझायर, व्हिस्टा अशा किती तरी गाड्यांत ते बसलं आणि आपल्याच जिल्ह्यात रांजणगावलाही तयार झालं. त्याची टायमिंग चेन बदलताना कॅमशाफ्ट आणि क्रँकशाफ्ट जागच्या जागी धरून ठेवणाऱ्या लॉकिंग पिना लागतात. त्या नसताना खुणा करून भागवायला गेलं आणि टायमिंग चुकलं, तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो. २०१३ नंतरच्या गाड्यांना बिघाड नोंदवणारी ओबीडी-२ यंत्रणा आली. त्यांचा आजार स्कॅनर लावल्याशिवाय सांगता येत नाही, आणि तोवर एक-एक सेन्सर बदलून बघण्यात मालकाचा खिसा रिकामा होतो.

पुणे जिल्ह्याची ओळख गाड्यांच्या कारखान्यांनी झाली आहे. पिंपरीत टाटा, आकुर्डीत बजाज आणि फोर्स, चाकणला महिंद्रा. गाड्यांची चाचणी घेणारी एआरएआय १९६६ पासून पुण्यात. त्याच जिल्ह्यात, कात्रजपासून तास-दीड तासावर, हबनट अजून छिन्नीने निघतो. इथल्या माणसांची अक्कल कमी पडत नाही, हत्यार कमी पडतं.

विकत का घेत नाही

पुण्याला रविवार पेठेत, बोहरी आळीत, यातली बहुतेक हत्यारं मिळतात. पैसे खर्चून एखाद्याने ती आणलीही, तरी हबनटाची गोटी एका जीपवाल्याला दोन-तीन वर्षांतून एकदा लागते. हेडचे बोल्ट आयुष्यात एखाद्या वेळी निघतात. उरलेला सगळा काळ हत्यार पोत्यात गुंडाळून पडून असतं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर पाऊस उसंत देत नाही. तेल न लावलेलं लोखंड एका पावसाळ्यात तांबूस होतं आणि दुसऱ्यात खडबडीत. म्हणजे ज्याने हत्यार घेतलं त्याचा पैसा गंजतो आणि ज्याने घेतलं नाही त्याचा नट गोल होतो.

तीच गोटी खोऱ्यातल्या सगळ्या जीपांना मिळाली, तर ती सारखी बाहेर असेल, सारखी पुसली जाईल, आणि तिची किंमत एका हंगामात वसूल होईल. ज्या हत्याराची एका घराला क्वचित आणि खोऱ्याला वरचेवर गरज पडते, ते हत्यार खोऱ्याचं असलं पाहिजे. आमच्या सगळ्या म्हणण्याचा गाभा एवढाच आहे.

उसनवारी का चालत नाही

शेजाऱ्याकडून मागून आणण्याची पद्धत आहेच, मग पेटी कशाला? कारण उसनवारीला वही नसते. पुलर एकाने नेला, त्याच्याकडून त्याच्या मेव्हण्याने नेला, मेव्हणा भोरला, पुलरही भोरला. दोन महिन्यांनी परत आला तेव्हा एक पाय वाकलेला, आणि तो कुणी वाकवला हे कुणालाच माहीत नाही. गरज सरो, वैद्य मरो. देणाऱ्याने विचारलं तर तो कंजूष ठरतो, न विचारलं तर त्याचं हत्यार जातं. मागणाऱ्याला दर वेळी मिंधेपण येतं. शेवटी ज्याच्याकडे हत्यार आहे तो ‘माझ्याकडे नाही’ म्हणायला शिकतो. सगळे भले आहेत, आणि तरीही हत्यार गायब आहे.

हत्यारं भरवशावर फिरतात हे खरं, पण भरवसा टिकायचा तर हिशेब लागतो. ज्या गावात हिशेब चोख, तिथेच माणसं एकमेकांना मोकळ्या मनाने वस्तू देतात.

आमच्याआधी हे कुणी केलं

आम्ही नवीन काही काढलेलं नाही. मावळात भाताची लावणी वारंगुळ्यावर होत आली: आज तुझं खाचर, उद्या माझं. ज्याचं काम अडलं त्याच्या रानात शेजारी आपापली औतं-बैलं घेऊन इर्जिकीला जात, दिवसात नांगरट उरकत आणि संध्याकाळी घरधन्याकडे जेवून परतत.

आमचा खरा नमुना मात्र गावकीची भांडी. लग्नकार्याला लागणारी मोठी पातेली, पराती, तपेली गाव वर्गणी काढून घेतो. प्रत्येक भांड्यावर गावाचं नाव कोरतो. देवळाच्या खोलीत कुलपात ठेवतो. नेताना मोजून न्यायची, आणताना घासून, मोजून आणायची, हरवलं तर भरून द्यायचं. पाचशे माणसांच्या भाताचं पातेलं कुणी घरात विकत घेत नाही आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. टॉर्क रेंच हे गाडीवाल्याचं पाचशे माणसांचं पातेलं आहे.

शेतीत सरकारनेही हीच वाट धरली. २०१४-१५ पासूनच्या कृषी यांत्रिकीकरण उप-अभियानात गटांना अवजारे बँकेसाठी अनुदान मिळतं. तिथून शेतकऱ्याला ट्रॅक्टर आणि रोटाव्हेटर भाड्याने मिळतो. आमचं म्हणणं त्याच्या पुढचं आहे: रोटाव्हेटर सामायिक असेल, तर त्याचं बेअरिंग ओढून काढायचा पुलरही सामायिक हवा.

परदेशातही हे नवखं नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या बर्कली शहराचं सार्वजनिक ग्रंथालय १९७९ पासून पुस्तकांबरोबर हत्यारंही घरी न्यायला देतं. आणि आपल्या घराजवळचा दाखला हवा असेल तर कारखान्यांतल्या टूलरूमचा घ्या. कामगाराच्या नावावर नंबर कोरलेले पितळी बिल्ले असत. एक बिल्ला दिला की एक हत्यार मिळे, आणि बिल्ला हत्याराच्या जागी खिळ्यावर लटके. खिळ्याकडे बघितलं की कुणाकडे काय आहे ते कळे. भोर-वेल्हे भागातून पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत गेलेल्या माणसांना ही पद्धत शिकवावी लागणार नाही. आम्ही ती जशीच्या तशी उचलतो आहोत.

पेटीत काय असेल

पेटीत फक्त तीच हत्यारं येतील जी घरोघरी असण्याची गरज नाही. पहिल्या वर्षासाठी आमची यादी अशी: जीपच्या हबनटाची गोटी आणि इंची पान्यांचा एक पूर्ण सेट, टॉर्क रेंच दोन, एक लहान बोल्टांसाठी आणि एक मोठ्या, दोन पायांचा आणि तीन पायांचा पुलर, टाय रॉड आणि बॉल जॉइंट सोडवायचा पुलर, कॉइल स्प्रिंग कॉम्प्रेसर, व्हॉल्व्ह स्प्रिंग आणि पिस्टन रिंग दाबायचे कॉम्प्रेसर, पेट्रोल आणि डिझेलचे वेगवेगळे कॉम्प्रेशन गेज, फीलर गेज, डायल गेज, टायमिंग चेनसाठी लॉकिंग पिनांचं किट, एक ओबीडी स्कॅनर, चेन पुली आणि तिचा तिपाई स्टँड, चार भक्कम घोड्या. गाडी चिखलात रुतली तर ओढायचा पट्टा आणि शॅकल यांची वेगळी पिशवी. पावसाळ्यात तीच सर्वांत जास्त फिरेल.

साधे पाने, पकडी, स्क्रू ड्रायव्हर पेटीत येणार नाहीत. ज्याला दहा-अकराचा पानाही पेटीतून हवा आहे, त्याला गाडीचा नाद नाही, फुकटाचा आहे.

नियम

१. गुंजवणी खोरं आणि भोर-वेल्हे भागातला, १८ वर्षं पूर्ण झालेला कोणताही गाडीमालक, चालक, मिस्त्री, शेतकरी किंवा विद्यार्थी सभासद होऊ शकतो. बाहेरगावच्या माणसाला एका स्थानिक सभासदाचा जामीन लागेल, आणि हत्यार परत आलं नाही तर विचारणा जामीनदारालाही होईल.

२. वर्षाची वर्गणी ५०० रुपये. पैसे नसतील त्याने पेटीला एक चालू स्थितीतलं खास हत्यार द्यावं. ज्याला हत्यार कायमचं द्यायचं नाही, त्याने ते ठेव म्हणून ठेवावं. मालकी त्याची, वापर सगळ्यांचा, आणि सहा महिन्यांची सूचना देऊन परत नेण्याची मुभा.

३. प्रत्येक हत्यारावर नंबर कोरला जाईल. नोंदवहीत हत्याराचा नंबर, नेणाऱ्याचं नाव, गाडी, काम, नेल्याची तारीख, परतीची तारीख आणि नेतानाची स्थिती लिहिली जाईल. देणारा आणि घेणारा दोघांची सही. नोंद नाही तर हत्यार नाही, मग समोर सरपंच असोत की सख्खा भाऊ.

४. प्रत्येक सभासदाला तीन बिल्ले. बिल्ले संपले की आधीचं हत्यार परत आणा, मग पुढचं न्या.

५. मुदत सात दिवस. चेन पुली आणि स्कॅनर तीन दिवस. चिखलणी-लावणीच्या दिवसांत आणि कापणी-मळणीला ट्रॅक्टर-टिलरच्या कामाला पहिला मान. हौशी जीपवाल्याने तेव्हा थांबावं.

६. नेलेलं हत्यार दुसऱ्याच्या हाती द्यायचं नाही. मेव्हण्याला हवं असेल तर मेव्हण्याने सभासद व्हावं.

७. काम करताना हत्यार तुटलं आणि सभासदाने ते स्वतःहून सांगितलं, तर दंड नाही, दुरुस्तीचा निम्मा खर्च पेटीचा. लपवून ठेवलं तर पूर्ण किंमत आणि एक वर्ष सभासदत्व बंद. हत्यारं तुटणारच. तुटकं हत्यार गुपचूप खिळ्यावर परत लटकलं, तर पुढच्या माणसाचा हात जातो.

८. कॉइल स्प्रिंग कॉम्प्रेसर आणि चेन पुली जाणत्या माणसासमोर एकदा काम करून दाखवल्याशिवाय मिळणार नाही. दाबलेली स्प्रिंग सुटली तर जिवावर बेतते. जॅक घरचा असला तरी गाडीखाली जायचं असेल तर पेटीतून घोड्या न्याव्याच लागतील. जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, पेलून धरण्यासाठी घोडी असते. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली जाणाऱ्याला पेटी काहीही देणार नाही.

९. टॉर्क रेंच फक्त आवळायला वापरायचा, सोडवायला कधीही नाही. काम झालं की सेटिंग सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवायचं, नाहीतर आतली स्प्रिंग मरते. वर्षातून एकदा तो पुण्याला कॅलिब्रेशनसाठी जाईल आणि त्याचा दाखला पेटीच्या झाकणावर लागेल. जो टॉर्क रेंच खोटं सांगतो, त्यापेक्षा अंदाज बरा.

१०. पेट्रोलचा कॉम्प्रेशन गेज डिझेल इंजिनाला लावायचा नाही. डिझेलचा दाब दुपटीहून जास्त असतो आणि गेज एका फटक्यात निकामी होतो.

११. दर खंडेनवमीला सगळी हत्यारं पेटीत हजर पाहिजेत. त्या दिवशी ती मोजली जातील, पुसून त्यांना तेल लावलं जाईल, घोड्यांचे जोड आणि पुलीच्या कड्या तपासल्या जातील, बाद हत्यार सगळ्यांसमोर मोडीत निघेल, आणि वर्षाचा जमाखर्च वाचून दाखवला जाईल. मगच झेंडू आणि हळदकुंकू. जे हत्यार त्या दिवशी हजर नाही, त्याच्या सभासदाचं नाव मोठ्याने वाचलं जाईल.

१२. पेटीला दोन कुलपं. एक चावी हत्यारांची जबाबदारी घेणाऱ्याकडे, दुसरी खजिनदाराकडे. खजिनदार शक्यतो बचत गटाचा हिशेब सांभाळलेली बाई असावी, कारण महिन्याच्या महिन्याला वर्गणी गोळा करून पै-पैचा हिशेब ठेवायची सवय या गावांत सर्वांत जास्त बचत गटाच्या बायकांना आहे.

पहिलं वर्ष आम्ही वहीवर काढू. संस्था नोंदणीचा १८६० चा कायदा सात माणसांवर भागतो, सहकारी संस्थेला १९६० च्या कायद्याप्रमाणे दहा माणसं लागतात. माणसं मिळतील. आधी पाना वेळेवर परत येतो की नाही ते बघू, मग नोंदणीचा विचार करू.

गॅरेजवाल्या मिस्त्रींना शब्द

तुमच्या पोटावर पाय द्यायला ही पेटी निघालेली नाही. उलट पहिले सभासद तुम्हीच व्हावं अशी आमची इच्छा आहे. रस्त्याकडेच्या लहान गॅरेजला लॉकिंग किट आणि स्कॅनर घेणं जड जातं, म्हणून गिऱ्हाईक पुण्याची वाट धरतं. हत्यार पेटीतून मिळालं तर ते काम इथेच थांबेल. तुम्ही पेटीचं हत्यार वापरून केलेल्या कामाचे पैसे पूर्ण तुमचे, पेटी त्यात वाटा मागणार नाही. बदल्यात एकच मागणं: महिन्यातून एका रविवारी एक काम सगळ्यांसमोर करून दाखवा. तुमच्या हातातली कला पुस्तकात नाही, आणि तुमच्यानंतर ती कुठे जाईल याचा विचार करायची वेळ झाली आहे.

कंपनीतून निवृत्त होऊन गावी परतलेल्या फिटर, टर्नर, टूलरूमवाल्यांनाही हेच सांगणं. तीस वर्षं मायक्रोमीटर हातात धरलेली माणसं या खोऱ्यात पारावर बसून आहेत. डायल गेज कसा लावायचा हे आमच्या पोरांना तुमच्याइतकं नीट कोण सांगणार?

पुण्याच्या मित्रांना

तुमच्याकडे पैसा आहे, चांगली हत्यारं आहेत, आणि तुमची जीप महिन्यातून दोनदा चिखलात जाते. आमच्याकडे जागा आहे, मिस्त्री आहेत आणि रुतलेली गाडी ओढायला रात्री अकरालाही येणारी माणसं आहेत. तुमच्या फ्लॅटच्या पार्किंगमध्ये इंजिन उतरवू देत नाहीत, इथे आंब्याखाली उतरवता येईल. फक्त दोन गोष्टी लक्षात ठेवा. जळकं ऑइल ओढ्यात ओतायचं नाही, डब्यात भरून परत न्यायचं. गुंजवणीचं पाणी भाताला जातं. आणि शेताचा बांध म्हणजे ऑफ-रोडचा ट्रॅक नव्हे. जो बांध फोडेल, त्याचे बिल्ले जप्त.

आमच्या मागण्या

गाड्यांच्या कंपन्यांकडे: जुन्या मॉडेलची दुरुस्ती पुस्तकं, टॉर्कचे आकडे आणि खास हत्यारांची मापं सगळ्यांना खुली करा. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिच्यापुढच्या चार क्षेत्रांत शेतीची अवजारंही आहेत आणि वाहनंही. हा हक्क शहरातल्या मोबाइलपुरता राहू नये, तो आमच्या टिलर आणि जीपपर्यंत पोचावा.

सरकारकडे: अवजारे बँकेच्या अनुदानात दुरुस्तीच्या हत्यारांचा एक संच धरा. जुनी गाडी सुस्थितीत ठेवणाऱ्याचा मान ठेवा. १५ वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण तपासणी करूनच होतं, ते योग्यच आहे. त्या तपासणीत गाडी पास व्हावी इतकी ती चांगली ठेवायला आम्ही तयार आहोत, त्यासाठीच तर पेटी आहे.

आयटीआयकडे: मोटर मेकॅनिक आणि डिझेल मेकॅनिकच्या मुलांना पेटीवर पाठवा. नोंदवही लिहिणं, हत्यार तपासणं, टॉर्क रेंच सांभाळणं हा त्यांच्या शिक्षणाचाच भाग आहे.

ग्रामपंचायतीकडे: पत्र्याखालची एक कोरडी खोली आणि एक विजेचा दिवा. भाडं आम्ही देऊ.

शेवटी

ही पेटी गुंजवण्यापुरती राहावी असं आम्हाला वाटत नाही. भोरला एक व्हावी, नसरापूरला एक व्हावी, वरंध घाटाच्या तोंडाशी एक व्हावी. दोन पेट्यांत एकच महागडं हत्यार पुन्हा घेण्याऐवजी याद्या एकमेकांना दाखवाव्यात आणि हत्यार इकडून तिकडे फिरवावं. गाव करी ते राव न करी, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ते खरं ठरतं ते गावाने वही लिहायला घेतली तरच.

येत्या रविवारी सकाळी दहा वाजता गुंजवण्याच्या एसटी थांब्याजवळ पहिली बैठक आहे. भाषणं होणार नाहीत. नोंदवही उघडली जाईल, नंबर कोरायचं मशीन आणि बिल्ले तयार असतील. येताना माळ्यावर, पोत्यात, गाडीच्या सीटखाली पडलेलं एक खास हत्यार खाली काढा, गंज घासा, तेलाचा बोळा फिरवा आणि घेऊन या. फक्त एक सांगून ठेवतो: नोंद होऊन तुमची सही झाल्याशिवाय आम्ही ते घेणार नाही.

गुंजण मावळातले गाडीवाले